बाटलीतली वेणी

पहिलंच सांगून ठेवते, आंबा मी पाडलेला नाही. दिवाळीच्या तोंडावर ते अवेळी वादळ आलं, त्यानं पाडला. त्याच वादळात शाळेचे पत्रे उडाले, शेजारच्या नविनच्या दारातला मांडव समुद्रावर फिरायला गेला; तेव्हा कुणी विचारलं नाही की हे पत्रे कुणाच्या परवानगीनं उडाले. पण आमचा आंबा पडला आणि सरकारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जसं काही मीच पदर खोचून कुऱ्हाड घेऊन गेले होते.

आंब्याचं मला तेवढं नव्हतं. म्हातारं झाड, फळ आंबट, वर मुंग्या. माझा जीव होता त्याच्या फांदीवरच्या सीतेच्या वेणीत. वेणीचं हे झाड माती मागत नाही, खत मागत नाही, दुसऱ्याच्या फांदीला मुळांनी मिठी मारून वर्षभर गप्प बसतं. ज्येष्ठ लागला की त्याला हातभर लांब, गुलाबी ठिपक्यांचा तुरा लोंबतो. पेरणीच्या आधी आमच्या गावदेवीची पूजा असते, त्या दिवशी हा तुरा देवीच्या अंबाड्यात चढतो. आणि तो चढवण्याचा मान आमच्या घरच्या मोठ्या बाईचा. सध्या ती मोठी बाई मी आहे. डहाणूच्या किनाऱ्याला चिकूच्या वाड्या पुष्कळ, पण देवीच्या केसांना हात लावणारी बाई गावात एकच. हे एवढं कळलं की माझा संताप कळेल.

आंबा पडला तशी वेणीही खाली आली. आमच्या ह्यांनी, म्हणजे सदू नावाच्या माझ्या नवऱ्यानं, ती सोडवली आणि सुतळीनं कुंपणाला बांधली. कुंपणाला! घरात दहा जागा होत्या. मी म्हटलं, "तिथं का?" तर म्हणे, "वारा लागेल." वारा लागला की नाही ठाऊक नाही, बकरी लागली. शेजारच्या दक्षाची बकरी. पानं खाल्ली, मुळं खाल्ली, सुतळीसुद्धा अर्धी खाल्ली. मी ओरडत बाहेर आले तर दक्षा कुंपणापलीकडे शांत उभी.

"बकरीला काय समजे, हिरकणीबेन? जनावर छे बिचारी."

"तुझ्या बकरीला तुझ्या वाडीतला पाला बरा नाही समजत!"

"अरे, एटलुं काय चिडता? फूलच ना? दादरला जे जोइये ते मळतं."

दादरला मिळतं! हे वाक्य तेव्हा मी सोडून दिलं. सोडायला नको होतं, ते पुढं कळेलच.

बकरीनं दोन शेंगा टाकल्या होत्या. बोटभर लांब. एक हिरवीगार, दुसरी पिवळी पडून चिरलेली. मी म्हटलं, चला, बी तर आहे. मिरचीचं बी पडलं तर मिरची येते, भोपळ्याचं पडलं तर नको तिथं भोपळा येतो, मग वेणीचं का येऊ नये? अंगणात ताट घेऊन बसले, पिवळी शेंग उघडली. आत बी नाहीच. नुसती पिवळसर भुकटी, हळदीपेक्षाही बारीक. मला वाटलं, किडीनं खाल्लं. ह्यांना दाखवायला ताट पुढं केलं. आमचे हे तपकीर ओढतात. दिवसातून किती वेळा ते मी मोजत नाही, मोजलं तर राग येतो. ताट नाकाशी गेलं आणि ह्यांना शिंक आली.

ताट स्वच्छ झालं.

तेवढ्यात आमची सून भाविका शाळेतून आली. विज्ञान शिकवते. ती रिकामं ताट बघून म्हणाली, "आई, ती भुकटी म्हणजेच बी होतं. एका शेंगेत लाखांनी असतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आभाळाकडे बघितलं. माझ्या घराण्याचा मान एका शिंकेत लाखांनी वाडीभर पसरला होता.

मी म्हटलं, "पसरलं ना? मग उगवेल." तर भाविकानं मला ऐकवलं, की ह्या बियांना स्वतःचं खाणंच नसतं. हरभऱ्यात कशी डाळ भरलेली असते, तसं ह्यांच्यात काही नाही. रानात कुठलीशी बुरशी त्यांना भरवते, तेव्हा लाखातलं एखादं उगवतं. नाहीतर मग प्रयोगशाळेत बाटलीत वाढवायचं. म्हणजे बघा, देवीची वेणी, आणि तिची दाई कोण, तर बुरशी! मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी देवीसमोर इतक्या ताठ मानेनं उभी राहिले नसते.

गाव मात्र सल्ले द्यायला जमलं. कुणी म्हणे शेणात कालवा, कुणी म्हणे राखेत घोळवा. एकजण म्हणाला नारळाच्या शेंडीवर ठेवून रोज ताक शिंपडा. त्याच्या स्वतःच्या अंगणात तुळस जगत नाही. दक्षानं कुंपणावरून सांगितलं, "मारी वात मानो, सोडून द्या." हा एकच सल्ला मनापासून दिलेला होता, म्हणूनच मी तो घेतला नाही. हिरवी शेंग फडक्यात गुंडाळली आणि भाविकाला घेऊन तलासरीला निघाले. तिथं केळीची रोपं बाटलीत वाढवणारी एक प्रयोगशाळा आहे, भाविकाच्या ओळखीची.

तिथली मुख्य म्हणजे निर्मला. तिथल्याच पाड्यावरची मुलगी, खूप शिकून परत आलेली. दिसायला काडी आणि बोलायला कोयता. शेंग हातात घेऊन तिनं पहिला प्रश्न विचारला, "काकी, हे रानातून तोडलंत?"

"तोडायला मी कोण? आमच्या वाडीतलं आहे. पडलंय."

"मग तसा दाखला आणा. रानातली वेणी असेल तर मी हात लावणार नाही. उद्या माझ्यावर येईल."

आता दाखला. पुढचे काही दिवस मी ज्या कचेऱ्या बघितल्या त्यांची नावं घेत नाही, मला पुन्हा तिथं काम पडेल. एका टेबलावर सांगितलं, तुमच्या उताऱ्यावर चिकूची झाडं आहेत, आंबा नाही. म्हटलं, आंबा तुमच्या उताऱ्याच्या आधीपासून उभा होता. तर म्हणे, दाखवा. म्हटलं, पडला. तर त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. "पडला की पाडला? परवानगी घेतली होती?"

"वाऱ्यानं घेतली असेल," मी म्हटलं. "त्याला बोलवा."

ह्या उत्तरानं काम आणखी लांबलं, असं भाविकाचं म्हणणं. दुसऱ्या कचेरीत विचारलं, वेणी कोणत्या झाडावर होती? आंब्यावर. आंबा कुठं आहे? पडला. मग वेणी कुठं आहे? बकरीनं खाल्ली. मग दाखला कशाचा देऊ? मी म्हटलं, "बकरीचा द्या. ती जिवंत आहे." शेवटी पंचनाम्याला एक साहेब वाडीत आले. पडलेल्या खोडावर बसून चिकू खाल्ले, शहाळं प्यायले, जाताना चिकूची पिशवीही नेली. आणि जो आंबा त्यांच्या दप्तरात उभाच नव्हता तो वेणीसकट पडला असल्याचं लिहून दिलं. वाढवण बंदराच्या विरोधातल्या मोर्चात घोषणा देऊन माझा घसा कधी बसला नाही, तो ह्या एका कागदानं बसला.

कागद घेऊन पुन्हा तलासरीला. आता तरी माझी शेंग आत जाईल म्हटलं, तर निर्मला मला आत घेईना. चपला बाहेर. पाय धुवा. हात कोपरापर्यंत धुवा. डोक्यावर टोपी घाला, अंगावर डगला घाला. इथपर्यंत ठीक. मग म्हणाली, "बांगड्या काढा."

मी जागच्या जागी उभी राहिले. "माझा नवरा जिवंत आहे. तपकीर ओढत असला तरी जिवंत आहे."

"बांगड्यांत धूळ असते, काकी."

"पोरी, मी सोवळ्यात स्वयंपाक करायला लागले तेव्हा तुझी आई परकरात होती. मला स्वच्छता शिकवतेस?"

"हो," ती म्हणाली.

नुसतं हो! मी काचेबाहेर बसले. आतून निर्मलानं माझी शेंग घासली, धुतली, कसल्याशा दारूत बुडवली आणि माझ्या डोळ्यांदेखत चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीत घातली. भडका उडाला! मी काचेवर थापा मारायला लागले. आत कुणी वर बघेना. भाविका मला आवरत होती, "आई, वरवरचे जंतू जळतात, आतलं बी सुरक्षित असतं." अहो, पण देवीच्या वेणीला कुणी अग्नी देतं का?

पुढचं मात्र मला आवडलं, खोटं कशाला बोलू. त्या बाटल्यांत तळाशी खाणं ओतलेलं होतं: साखर, नारळाचं पाणी, कुस्करलेलं केळं, आणि ते थिजायला चायना ग्रास. म्हणजे चांगला पोटभर बाळंतखुराक. मी निर्मलाला सांगितलं, पुढच्या वेळी नारळ आमच्या वाडीतला घे, बाजारातला पाणचट असतो. ती म्हणाली, "काकी, पुढची वेळ नाही. एकच शेंग होती." तिनं ती भुकटी बाटल्यांत पसरली, बुचं घट्ट लावली आणि फळीवर दिव्याखाली ओळीनं मांडून ठेवली. एक ओळ भरली. मी विचारलं, "ज्येष्ठात तुरा येईल ना?"

निर्मला पहिल्यांदा हसली. "येईल. पण पाच-सहा वर्षांनंतरच्या ज्येष्ठात."

मी भाविकाकडे बघितलं. शिकलेली सून घरात असण्याचा फायदा काय, जर ती हे आधी सांगत नसेल! ती म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता." म्हणून परतीच्या बसमध्ये मी तिच्यापासून दोन बाकं सोडून बसले.

आणि इकडे गावात काय शिजत होतं? नविन हा देवीच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि दक्षाचा धाकटा दीर. त्यानं बैठक बोलावली. विषय काय, तर ह्या वर्षी वेणी कोणाची. दक्षा म्हणाली, "अमे आणीशुं. दादरहून. जांभळी, मोठी, आठ दिवस ताजी राहते." बघा, ते मघाचं वाक्य. बायका लगेच विचारायला लागल्या, केवढी असते, वास असतो का. वास नसतो म्हणे. देवीच्या डोक्यात बिनवासाचं फूल! त्यापेक्षा झाडू का खोवत नाही?

मी उभी राहिले. म्हटलं, "आमची वेणी मेलेली नाही. तलासरीला वाढते आहे."

"किती मोठी झाली, काकी?" नविननं विचारलं.

"अजून दिसत नाही."

लोक हसले. माझ्याच माहेरची एक बाई हसली, तिचं नाव मी लक्षात ठेवलं आहे. आमचे हे कोपऱ्यात तपकिरीची डबी उघडत-मिटत बसलेले. शेवटी नविननं मोठेपणाचा आव आणून निर्णय दिला, "मान कुणाचा काढायचा नाही. त्याच वेणीचं काहीही असू दे, फूल नसलं, पान नसलं तरी चालेल, पण त्या दिवशी देवीच्या ओटीत पडलं पाहिजे. पडलं तर मान तुमच्याच घरी. नाही पडलं तर दक्षावहिनी."

मी एका पायावर कबूल. बाटल्या ओळभर होत्या. एक देवीच्या ओटीत, बाकीच्या माझ्या. देवीला द्यायला मी कधी मागं हटले आहे? दक्षाचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं होतं, आणि मी ते पोटभर बघितलं.

मग मी रोज निर्मलाला फोन करायला लागले. उगवली? नाही. आज? नाही, काकी. दिवे किती वेळ लावता? दिवसभर आणि वर रात्रीचेही काही तास. अगं मग ती झोपतात कधी? ती फोन ठेवायची. पौष गेला आणि एक दिवस तिचाच फोन आला, "काकी, बाळं हिरवी झाली. मोहरीएवढे दाणे दिसतायत, बाटलीबाटलीत." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होते, तरी सांगते.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पाचवी करायला हवी. आमच्या घरात पाचवीशिवाय कुणी जन्मलेलं नाही. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा दाखवायचा. आमच्या गाईच्या वासराचीसुद्धा मी पाचवी केली होती, आणि ते वासरू आज कुणाला ऐकत नाही इतकं दणकट आहे. मग देवीच्या अंबाड्यात जायच्या बाळांना मी नशिबाविना सोडू? भाविकाला सांगितलं नाही. तिनं पुन्हा जंतू काढले असते.

पाचव्या दिवशी पूजेची पिशवी घेऊन एकटी तलासरीला गेले. दिवेलागण झाली होती, निर्मला घरी निघून गेलेली. बाटल्या धुणारी बारकी नावाची बाई तेवढी होती, कुलूप लावत. माझ्याच वयाची, पदराला किल्ल्या. तिला म्हटलं, पाचवी करायची आहे. तिनं किल्ली परत फिरवली.

"तं काय! पोरां जल्मली आन् पाचवी नाय? मी निर्मलाबायला बोलले व्हते, ती हसली."

"शिकलेल्या हसतातच. चल."

बाटल्या खाली मांडल्या, पाटा नव्हता म्हणून निर्मलाच्या टेबलावरचा चपटा वजनकाटा घेतला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग अडचण आली. बारकीनंच काढली. "बाय, मधी काच हाय. सटवाय लिवल कशी?" बरोबर होतं तिचं. बुचं घट्ट. बाहेरून लिहिलं तर ते बाटलीचं नशीब झालं. म्हणून आम्ही बुचं उघडली. फार नाही. दिवा ओवाळण्यापुरती. एका बाटलीचं बूच मात्र हलेना. मी ओढलं, बारकीनं ओढलं, दातांनी बघितलं, नाहीच. म्हटलं, राहू दे, हिचं नशीब सटवाई काचेतून बघून लिहील. त्या एका बाटलीचं मला फार वाईट वाटलं. सगळी भावंडं पावन झाली आणि ही तेवढी राहिली.

चार दिवसांत निर्मलाचा फोन. आवाज असा, की मी फोन कानापासून लांब धरला तरी आमच्या ह्यांनी पडवीत ऐकला. बाटल्यांत बुरशी आली होती. पांढरी, काळी, हिरवी, कापसासारखी. मी जाऊन बघितलं. माझी मोहरीएवढी बाळं त्या कापसात दिसेनाशी झाली होती.

"बुचाला कुंकू लागलंय," निर्मला म्हणाली. बारकी मागं फरशी पुसत होती, कधी नव्हे इतकी मन लावून. निर्मला तिच्याकडे वळली तशी मी मध्ये पडले. "तिला काही बोलू नकोस. पाचवी मी केली. आणि करणारच. आणि बुरशी आली तर बिघडलं काय? तुम्हीच सांगता ना, रानात बुरशीच ह्यांना भरवते?"

"ती बुरशी वेगळी! ही भरवत नाही, खाते!"

"मग तिला त्या साखर-केळ्याच्या खुराकावर बोलावलं कुणी? तुम्हीच मेजवानी मांडून ठेवलीत."

निर्मला खुर्चीवर बसली. मग उठून फळीवरून एक बाटली आणली. बूच न निघालेली. आत सगळं हिरवंगार, दाण्यांना टोकं फुटलेली. बाकी ओळभर बाटल्या मोठ्या कुकरात उकळून फेकून दिल्या. आता मला सांगा, ज्यांची पाचवी विधिवत केली ती गेली, आणि जिची केली नाही तीच जगली. ह्याचा जाब सटवाईला विचारायचा की निर्मलाला? मी दोघींनाही विचारला.

आता हिशेब तुमच्या लक्षात आला असेल. माझ्या लक्षात यायला परतीची बस डहाणूला लागावी लागली. बाटली एक. आणि ओटीत पडलेलं परत उचलायचं नसतं.

मी फोनवर निर्मलाला म्हटलं, ह्या एकीच्या दोन कर. ती म्हणाली, दुसऱ्या बाटलीत हलवायची वेळ पावसाळा लागल्यावर. आत्ता ही बाटली उघडायला देवी स्वतः आली तरी देणार नाही. मग मी विचार केला, देवीला दाखवू. दर्शन घडवू. ओटीला टेकवल्यासारखं करू आणि उचलू. शब्दात काय आहे एवढं? ज्येष्ठाच्या त्या दिवशी सकाळी तलासरीला जाऊन निर्मलाच्या पाया पडायचंच तेवढं ठेवलं. तिनं बाटली कागदात गुंडाळून दिली. "ऊन लावायचं नाही. आडवी करायची नाही. संध्याकाळच्या आत इथं परत. देवळातल्या पत्र्याखाली हिचं दुपारभरात सांबार होईल, काकी. ह्या वेणीचं दुसरं काही शिल्लक नाही."

"मला सांगू नकोस," मी म्हटलं. तिनंच सांगायला हवं होतं, तरी म्हटलं.

देवळात गर्दी मावत नव्हती. दक्षा नवी साडी नेसून आलेली, हातात प्लास्टिकच्या डब्यात ती जांभळी फुलं. खरंच मोठी होती. कागदाची वाटत होती ते वेगळं. गावदेवीचा भगत रघ्या, म्हातारा, अंगावर घोंगडी, ढोल थांबायची वाट बघत देवीपाशी बसलेला. मी कागद सोडला. बाटली वर धरली. पोरंबाळं टाचा उंचावून बघायला लागली. दाण्यांना आता नखाएवढी पानं आली होती.

"ही आमची वेणी," मी म्हटलं. "बघून घ्या. आणि माझा मान द्या."

कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, खरंच की." माझी छाती भरून आली. मी बाटली देवीच्या ओटीला टेकवली आणि उचलली.

"काकी," नविन म्हणाला, "ठेवा."

"टेकवली की."

"टेकवायचं ठरलं नव्हतं. पडायचं ठरलं होतं."

"तान्ही आहेत ती. देवीच्या पायाशी तान्हं घालतात आणि उचलून घरी नेतात. तुझ्या आईनं तुला इथंच घातलं होतं. ठेवून गेली का? गेली असती तर आज हा त्रास नसता."

लोक हसले, आणि ह्या वेळी माझ्या बाजूनं हसले. पण नविन हटेना. तो रघ्याकडे वळला, "बाबा, तुम्ही सांगा." रघ्यानं माझ्या हातातली बाटली खूप वेळ बघितली. मग म्हणाला, "ओटीतलां देवीचां. उचलता नाय येत. बाय, ठेवाचा का नाय, तुझा तू बोल."

ढोल थांबलेला. वर पत्रा तापून कडकड वाजत होता. बाटलीच्या काचेला आतून वाफ धरायला लागली होती. मी हात खाली केला, देवीच्या ओटीपर्यंत नेला. सगळ्या बायका बघत होत्या, ती माझ्या माहेरचीसुद्धा. इतक्या सासवांनी सांभाळलेला मान एक वीत खाली होता. बोटं सोडायची, बस्स.

माझी बोटं सुटेनात. मी त्यांना चांगलं दटावलं, तरी सुटेनात.

मी बाटली पदरात घेतली. "नाही ठेवत," मी म्हटलं. "दक्षा, घाल तुझी फुलं. अंबाड्यात उजवीकडे खोव, डावीकडचा खिळा लागतो. आणि देवीचे केस ओढू नकोस."

दक्षा डबा उघडायचं विसरून माझ्याकडे बघत राहिली. "हिरकणीबेन, तमे..."

"मला बस गाठायची आहे."

आमचे हे गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं चालायला लागले. एका हातानं लोक बाजूला सारत होते, दुसऱ्या हातानं छत्री उघडून माझ्या पदरावर धरलेली. तपकिरीची डबी त्यांनी मी न सांगताच खिशात टाकली होती, हे मी पाहिलं. एस.टी.त मला चढवून ते खालीच राहिले, कारण वाडीत पाणी सोडायचं होतं.

बसमध्ये जागा मिळाली ती नेमकी उन्हाच्या बाजूला. शेजारी एक अंगानं भरलेली बाई, मांडीवर भाजीची पिशवी. ती आधी बाटलीकडे, मग माझ्या नव्या लुगड्याकडे बघत होती. शेवटी राहवेना तिला.

"काय हो, देवीचं काही आहे का?"

"देवीचं नाही," मी म्हटलं. "अजून माझं आहे. तुम्ही जरा ह्या खिडकीकडे येऊन बसा. चांगल्या रुंद आहात, सावली पडेल."